तीन आठवड्यांचं पथ्य

अण्णा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण गेलेल्या माणसाला तोंडावर वाईट बोलू नये असं काही कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहायला बसले. आधीच सांगते, यात मायेचं फार काही सापडणार नाही. मला तुमची किळस येते. तुम्ही होता तेव्हाही यायची, पण तिला किळस म्हणतात हे तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, मी मुळातच रागीट पोरगी आहे. घरात सगळे तसंच म्हणायचे. 'ओठ शिवला, तोंड शिवायचं राहिलं', असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि तुम्ही दुकानाच्या गादीवर बसून खो-खो हसायचा.

मी नांदेडला काय काम करते हे तुम्ही अहमदपुरात कुणाला धड सांगितलं नाही. 'दवाखान्यात आहे' म्हणायचा आणि विषय सोयाबीनवर न्यायचा. तर ऐका. मी लोकांची तोंडं साफ करते. डॉक्टर दात काढतात, भरतात. त्याच्या आधीची सगळी घाण माझ्या वाटणीची. कुजलेल्या दाताचा वास दोन मास्क लावले तरी येतो, आणि दुपारी डबा उघडला की भेंडीच्या भाजीलाही तोच येतो. दर मंगळवारी माझ्यासारखी लेकरं येतात, जन्मतः ओठ फाटलेली, टाळूला भोक असलेली. भोकर, कंधार, देगलूर, पार उदगीरहून येतात. फटीच्या कडेचे दात कसेही उगवलेले असतात, एखादा आडवा, एखादा जास्तीचा, आणि त्यांच्यावरचं कवच आधीच कच्चं. शिवलेला ओठ आखडलेला असतो, त्याच्यामागे ब्रश नीट जात नाही. जात नाही म्हणून कुणी घालत नाही. ओठ शिवला की सगळ्यांना वाटतं, झालं, गंगेत घोडं न्हालं. शिवायच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढतात, पेढे वाटतात. आत काय सडतंय ते कोण बघतंय!

दिवाळीनंतर एका मंगळवारी मुदखेडची एक पोरगी आली. नऊ वर्षांची, दोन वेण्या, लाल रिबिनी, अंगात शाळेचा गणवेश. वरच्या ओठावर टाक्यांची पांढरी रेघ, तीही छान बसलेली. सोबत बाप. त्याचं स्टेशनजवळ चहाचं हॉटेल. कॅरीबॅगमध्ये सगळे कागद नीट लावून आणलेले, आणि माणूस एवढा अदबीनं उभा की मला आधी तो बराच वाटला. पोरगी तोंड उघडायला तयार नव्हती. तीनदा सांगितल्यावर उघडलं, आणि मी ओठ वर उचलला.

काय सांगू तुम्हाला. बाजूचे दुधाचे दात म्हणजे काळी खुंटं. पुढचे नवे आलेले दात करडे पडलेले, कडा झिजून पोकळ झालेल्या. हिरडीतल्या फटीत पिवळं-हिरवं काहीतरी साकळलेलं, त्यात बिस्किटाचा लगदा. मागच्या दाढेच्या बुडाशी पुवाचा फोड. नुसता कापूस टेकवला तर रक्त आलं, आणि वास असा आला की मी मान फिरवली. पंचवीस वर्षं हे काम करून मान फिरवली.

"घासतं कोण हिचं तोंड?" मी विचारलं.

"कोनी न्हाई म्याडम. मनाई हाय."

"कुणाची मनाई?"

"डाक्टरची. ओठाचं आपरेशन झालं तवा सांगितलं व्हतं, तोंडाला हात लावायचा न्हाई, टाके उसवतेल. तीन हप्ते."

"आणि ऑपरेशन झालं कधी?"

"ही सा महिन्याची व्हती तवा." आणि मग छाती थोडी पुढं काढून म्हणाला, "एक दिस हात लावू दिला न्हाई कुनाला. हिच्या मायला बी न्हाई. पथ्य म्हंजे पथ्य."

अण्णा, तिथं मला तुम्ही दिसलात. तेच वाक्य, तीच फुगलेली छाती. माझ्या वेळीही डॉक्टरनं तीन आठवडेच सांगितले होते. आपल्या घरी ते नऊ वर्षं चाललं. डॉक्टरनं पथ्य सुरू करायला सांगितलं, तीन आठवडे संपले की पुन्हा घासायला लागायचं हे वेगळं सांगितलं नाही, आणि विचारायची तुमची प्राज्ञा नव्हती. अव्वा बिचारी आई म्हणून माझं सगळं करायची. डोक्याला तेल, डोळ्यांत काजळ, नखं काढणं, कानामागचा मळसुद्धा पदराच्या टोकानं काढायची. तोंड सोडून. सकाळी मोरीपाशी सगळं घर ओळीनं बसायचं, तुम्ही राखुंडी घेऊन, आत्या मिश्री घेऊन, काका कडुनिंबाची काडी घेऊन खाकरायचे. मी तांब्याभर पाणी घेऊन दोन चुळा भरायची, त्यातली अर्धी नाकातून बाहेर. एकदा मी तुमची राखुंडी बोटावर घेतली तर तुम्ही हातावर फाडकन मारलंत. "टाके उसवतील, अक्कल नाही का!" मी सात वर्षांची होते. टाके पडून किती पावसाळे गेले होते याचा हिशेब घरात एकालाही करता आला नाही, आणि म्हणे दुकानदाराचं घर.

आणि त्या गोळ्या. शाळेतून आले की तुम्ही बरणीत हात घालून तीन लिमलेटच्या गोळ्या माझ्या हातावर ठेवायचा. 'पोरीला चावता येत नाही, चोखू द्या', असं गिऱ्हाइकांना सांगायचा. त्यांना वाटायचं बाप किती जीव लावतो. गोळी तोंडात घातली की फटीत जाऊन बसायची. जिभेनं ढकलली तरी निघायची नाही, तिथंच विरघळत राहायची, पाक व्हायचा, तो हिरडीला चिकटायचा. रोज, वर्षानुवर्षं. माझ्या तोंडात तुम्ही कधी राखुंडीची चिमूट जाऊ दिली नाही आणि साखर पोत्यानं ओतलीत. तेसुद्धा माझ्याकडे न बघता. गोळ्या देताना तुमची नजर समोरच्या रस्त्यावर, जाणाऱ्या एसटीवर. मी लहान होते, पण बावळट नव्हते. पाहुणे आले की 'तिचं जेवण झालंय' म्हणून मला मागच्या खोलीत बसवायचा, कारण मी जेवताना आवाज यायचा, आणि शेजारी बसणाऱ्याला वास. अव्वानं ग्रहणात विळी धरली म्हणून पोरगी अशी झाली, हे मात्र तुम्ही पाहुण्यांना जेवता जेवता रंगवून सांगायचा. मला आतून सगळं ऐकू यायचं. तोंड सडलेलं होतं, कान चांगले होते.

तर त्या मंगळवारी ते सगळं माझ्या घशाशी आलं, आणि मी त्या माणसाला जे बोलले ते तसंच्या तसं लिहिते. "शी! नऊ वर्षं? अहो, उकिरडासुद्धा कधीतरी उचलतात. हे लेकराचं तोंड आहे का गटार? एवढी घाण तर मी जनावराच्या तोंडात पाहिली नाही." खोलीत आणखी चार आयाबाया होत्या. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या.

तो उठला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "म्याडम, लेकरू हाय माझं. चुकलं असन तर मला बोला. तिच्या म्होरं तिला घान म्हनायचं न्हाई." आणि तिला म्हणाला, "ऊठ गं माय." पोरगी खुर्चीवरून उतरली आणि तिनं उजव्या हाताचा पंजा तोंडावर ठेवला, चार बोटं ओठावर आणि अंगठा गालावर. मीही बरीच वर्षं असाच ठेवायचे. दोघं निघून गेले. कागदांची कॅरीबॅग टेबलावरच राहिली.

आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी त्यातला तिचा एक्स-रे उजेडासमोर धरला. तिच्या हिरडीतली फट भरायची होती. कमरेचं थोडं हाड काढून तिथं घालतात. ते योग्य वयात घालावं लागतं, कायमचा सुळा खाली उतरायच्या आत, म्हणजे तो सुळा त्या नव्या हाडातून उतरतो आणि टिकतो. मॅडम म्हणाल्या, "सुळा निघालाय खाली. फेब्रुवारीची तारीख आहे हिची. पण असं तोंड असताना हाड घातलं तर ते सडणार. खराब दात आत्ताच काढले तर हिरडी तोवर भरून येईल. महिनाभर उशीर झाला तर तारीख गेली, आणि तारीख गेली की सुळा गेला." मग त्यांनी विचारलं, "कोण बोललं त्यांना?" मी म्हटलं, "मी." "मग तूच आण परत," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

हे ऐकून मी घरी गेले नाही, दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर बसले. कारण हे सगळं मी आधी एकदा ऐकलं होतं. लातूरला, तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसून. मीही नऊच वर्षांची. त्या डॉक्टरांनी माझा ओठ बोटानं वर उचलला. ओठ शिवणारे सोडले तर जन्मल्यापासून माझ्या ओठाला हात लावणारा तो पहिला माणूस. मला अजून आठवतं, त्यांनी श्वास रोखला नाही. समोरच्यानं श्वास रोखला की मला लगेच कळायचं, त्यात मी पटाईत होते. ते शांतपणे म्हणाले, "दात आधी नीट करून घ्या शेटजी. या तोंडात घातलेलं हाड सडेल. दोन महिन्यांनी आणा, मी करतो." बस्स, एवढंच. आणि तुम्ही उभे राहिलात! "आमच्या घरी आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय कुणी पाणी पीत नाही. आम्हाला घाण म्हणता?" ते म्हणाले, "मी तुमच्या घराबद्दल बोलत नाही, लेकराच्या दातांबद्दल बोलतोय." तुम्ही माझं मनगट धरून मला जिना उतरवलात. स्टँडवर पाव किलो पेढे घेतलेत आणि अहमदपूर येईपर्यंत मला खायला लावलेत. 'खा. कोण म्हणतो माझ्या लेकीचं तोंड सडकं आहे!' मी सगळे खाल्ले. खिडकीतून थुंकले तेव्हा पेढ्यात रक्त होतं. तुम्ही पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत होता.

दोन महिने गेले, दोन वर्षं गेली. तुम्ही दुकानात बसून त्या डॉक्टरला शिव्या घालत राहिलात आणि तुमची कॉलर ताठ राहिली. माझा सुळा फटीत लोंबकळत उतरला आणि सोळाव्या वर्षी एक दिवस भाकरीच्या घासाबरोबर हातात आला. पुढचे दात त्याच्या पाठोपाठ. मला बघायला येणाऱ्यांना तुम्ही सांगायचा, 'लहानपणी पायरीवरून पडली, दात गेले.' कसली पायरी अण्णा? आपल्या घराला पायरी तरी होती का? अजूनही माझ्या तोंडात भोक आहे. त्याच्यावर दातांची काढती-घालती पट्टी बसवलेली आहे. ती काढली की पाणी नाकातून येतं आणि आवाज गेंगाणा होतो. वीस वर्षांच्या संसारात मी ती नवऱ्यासमोर काढलेली नाही. मोरीचं दार लावून धुते. असं सगळं तुमच्या त्या ताठ कॉलरीखाली झालेलं आहे, आणि म्हणून मला तुमची शिसारी येते. आणि आता तुमच्या जागी तो मुदखेडचा चहावाला उभा होता. फरक एवढाच की त्या लातूरच्या डॉक्टरनं घाण हा शब्द तोंडातून काढला नव्हता. मी काढला होता.

रविवारी मी पॅसेंजरनं मुदखेडला गेले. कॅरीबॅग मांडीवर घेऊन. हॉटेल सापडायला वेळ लागला नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला, पत्र्याचं, पुढं दोन बाकडी. पोरगी एका बाकड्यावर वही घेऊन बसली होती, आणि तिच्या शेजारी चहाच्या ग्लासात तळाची साखर बोटानं चाटायला ठेवलेली. मला बघताच पंजा तोंडावर गेला.

"काय म्याडम," तो स्टोव्हमागून म्हणाला, "अजून काय ऱ्हायलं का बोलायचं?" पण बोलता बोलता ग्लास विसळला आणि चहा ओतला. "घ्या. च्याला तरी घान म्हनू नका."

मी म्हटलं, माझं चुकलं. मला माफी मागता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे, तुमच्यावर गेले आहे. अर्धवट पुटपुटले. तो म्हणाला, "म्याडम, आमी अडानी मानसं. डाक्टरचं न्हाई ऐकलं तर शिव्या खातो, ऐकलं तरी शिव्या खातो. मंग करावं काय ते तरी सांगा." त्यानं खरंच ऐकलं होतं. सांगणाऱ्यानंच अर्धं सांगितलं होतं, आणि नऊ वर्षांत कुणी उलटून विचारलं नव्हतं की बाबा, घासतोस का. मी फेब्रुवारीचं सांगितलं, सुळ्याचं सांगितलं, हाड सडेल ते सांगितलं. तो मान हलवत होता, पण हात स्टोव्हच्या पिनेवरच. "ओठ उचलला अन् फाटला तर?" म्हणाला. "तुमी जाताल नांदेडला. लेकरू माझ्याजवळ ऱ्हातंय."

मग मला काय झालं माहीत नाही. मी तिथं बाकड्यावर, चार गिऱ्हाइकांसमोर, भर सकाळी तोंडात बोट घालून पट्टी काढली आणि तळहातावर ठेवली. चार दात, गुलाबी प्लास्टिक, थुंकीनं ओलं. एक म्हातारा बिडी ओढत होता तो सरकून बसला. मी गेंगाण्या आवाजात म्हटलं, "उचला माझा ओठ. बघा." तो कसला उचलतोय! मग मी त्याच्या चहाचा घोट घेतला आणि तो माझ्या नाकातून हनुवटीवर, हनुवटीवरून साडीवर आला. मुद्दाम केलं. किळसवाणं दिसतं ते, मी आरशात पाहिलेलं आहे.

पोरगी हसली. पंजा काढून हसली. "माझ्या बी येतो!" म्हणाली. "दूध बी येतं. भाताचं शीत बी आलं व्हतं येकदा." आणि उठून माझ्याजवळ आली. "बघू?" मी खाली वाकून तोंड उघडलं. तिनं माझा ओठ दोन बोटांनी उचलला, भीड नाही, भीती नाही, मडक्यात डोकावावं तशी डोकावली. मला तिचा श्वास लागत होता. वास तर होताच. माझा श्वास मी धरला नाही. शपथेवर सांगते, धरला नाही. "पप्पा," ती ओरडली, "यांचं भोक तर लई मोठं हाय! माझं ल्हान हाय ना?"

तो आला. मोबाइलची बॅटरी लावून आधी माझ्या तोंडात पाहिलं, बराच वेळ. मग टाकीवर जाऊन साबणानं हात धुतले, दोनदा धुतले, टॉवेलला पुसले, आणि पोरीसमोर उकिडवा बसला. अंगठा ओठावर ठेवला आणि तिथंच थांबला. "फाटन का, म्याडम?" मी म्हटलं, "नाही फाटणार. उचला." त्यानं उचलला. नऊ वर्षांत पहिल्यांदा बाप लेकीच्या तोंडात बघत होता. एकदम मागं सरकला. "अगं माय गं," एवढंच म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं ते वासानं की कशानं, मला सांगता येणार नाही. पोरीनं विचारलं, "पप्पा, लई घान हाय का?"

अण्णा, मी त्या बाकड्यावर अंग चोरून बसले. मला वाटलं आता हा म्हणेल, नाही गं, कुठं काय, माझी लेक गुणाची. उठून तिला बिस्कीट देईल. तो म्हणाला, "हाव. हाय. धुऊ आपन."

मला त्या पोरीचा हेवा वाटला. नऊ वर्षांच्या, पू भरलेल्या तोंडाच्या पोरीचा. मी पट्टी तशीच न धुता तोंडात घातली आणि साडी पुसत बसले.

पुढचं थोडक्यात. मंगळवारी दोघं हजर. सहा दात काढले. मी त्याला ओठ उचलून दाखवला, फटीच्या कडेनं फिरवायचा एका झुबक्याचा बारीक ब्रश दिला, वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे किती ते दाखवलं. तो पहाटे स्टोव्ह पेटवायच्या आधी तिचं तोंड घासायचा, मग हॉटेल उघडायचा. तळाची साखर बंद. तिच्या मायनं पोरीचा ग्लासच कपाटात टाकला. महिन्याभरानं मी ओठ उचलला तर हिरडी गुलाबी झालेली होती. मी इतकी वर्षं हिरड्या बघते, पण ती हिरडी मी पुन्हा पुन्हा बघितली. फेब्रुवारीत हाड बसवलं. तेव्हा मोठ्या मॅडम त्याला म्हणाल्या, या जागी तीन आठवडे ब्रश लावायचा नाही, बाकीचे दात रोज घासायचे. तो लगेच म्हणाला, "तीन हप्ते म्हंजे कोनत्या वारापस्तोर? लिहून द्या. अन् त्या वारी मी काय करायचं, ते बी लिहा." मी लिहून दिलं. गेल्या मंगळवारी तो वार झाला. टाके सुकलेत, हाड धरलंय, सुळा वाटेत आहे. पोरगी आता हसताना पंजा ठेवत नाही, आणि तिची बडबड ऐकून माझं डोकं उठतं.

म्हणजे ते काम झालं. तुमचं राहिलं. हे कागद कुठं जाणार नाहीत, आणि पाठवायचे असते तर मी एवढं खरं लिहिलंही नसतं. इतके दिवस मी सगळ्यांना सांगत आले की माझ्या बापानं कधी माझ्या तोंडात पाहिलं नाही. ते खरंच आहे. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

लातूरच्या दवाखान्यात तुमचा शेवटचा आठवडा. अर्धं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं, पाणी चमच्यानं. तोंड कोरडं पडून जिभेवर जाड पांढरा थर आलेला. तिथली सिस्टर मला म्हणाली, "ताई, तुम्ही तर याच कामातल्या. बाबांचं तोंड तेवढं पुसून घ्या." ट्रेमध्ये कापूस होता, कोमट पाणी होतं, माझ्या पर्समध्ये ग्लोव्हज होते. तुम्हाला तिचं बोलणं कळलं असावं. तुम्ही मान माझ्याकडे वळवलीत, सरळ माझ्याकडे बघितलंत, आणि तोंड उघडलंत. मी म्हटलं, "मावशी येतील आता," आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले. तीन दिवस असंच केलं. वॉर्डातल्या मावशींनी पुसलं, कसं ते मी पाहिलं नाही. नंतर सगळ्यांना सांगितलं की वास फार होता, मला सहन झाला नाही. वास होता का, हे मला माहीत नाही अण्णा. मी तेवढी जवळ आलेच नव्हते.